केशरी नर सोडून गप्पीची मादी साध्या नराकडेच जाते, चुकतंय कुठे?

कॅनडाकॉर्नर

नमस्कार. टी.वाय.बी.एस्सी. झूऑलॉजीच्या प्रकल्पाला ‘गप्पीची मादी नर कसा निवडते’ हा विषय घेतलाय. सगळीकडे एकच वाचायला मिळतं: ज्या नराच्या अंगावर केशरी ठिपके जास्त आणि गडद, त्याच्याकडे मादी ओढली जाते. टाकीत मात्र उलटंच दिसतंय.

मांडणी सांगते. टाकी दोन फूट बाय एक फूट, पाणी दहा इंच. दोन्ही टोकांना एकेक गोल काचेची बरणी, लोणच्याची असते तशी. डावीकडच्या बरणीत भरपूर केशरी नर, उजवीकडच्या बरणीत जवळजवळ करडा. मधे मादी सोडायची, पाच मिनिटं थांबायचं, मग दहा मिनिटं ती कोणत्या बरणीजवळ किती वेळ असते ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजायचं. पाणी नळाचं, एक रात्र ठेवलेलं, त्यात बदामाचं एक पान. वर पिवळा एलईडी बल्ब. माद्या कॉलेज रोडच्या एका दुकानातल्या, चांगल्या मोठ्या, पोटाशी काळा डाग असलेल्या. नरांची जोडी आठही वेळा तीच.

आठ माद्यांपैकी पाच साध्या नराजवळ जास्त थांबल्या, दोन केशरीजवळ, आणि एक मधेच फिरत राहिली. आता हाच निष्कर्ष लिहायचा, की प्रयोगातच गडबड आहे?

अर्धी_बादली

निष्कर्षाची घाई नको. आधी एवढं सांगा: या टाकीत एरवी खाणं कोणत्या बाजूला टाकता? केशरी नर आठही वेळा डावीकडेच होता का? फिल्टर कुठे आहे? दोन्ही नर एकाच मापाचे आहेत का? डोळ्यांनी नव्हे, पट्टीने.

कॅनडाकॉर्नर

खाणं उजव्या कोपऱ्यात, कारण झाकणाला खाच तिथेच आहे. केशरी नर कायम डावीकडेच. स्पंज फिल्टर डाव्या कोपऱ्यात, चाचणीच्या वेळीही चालू. माप घेतलेलं नाही, पण केशरी नर जरा लहान वाटतो.

अर्धी_बादली

मग त्या माद्या नराकडे गेल्याच नाहीत, जेवणाच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. गप्पी दोन-तीन दिवसांत खाण्याची जागा शिकतात, आणि काचेपुढे माणूस आला की तिथे गोळा होतात. शिवाय डावीकडे बुडबुडे. तुमच्या आकड्यांतून ‘उजवी बाजू बरी’ एवढंच सिद्ध होतं.

टाकी तीच ठेवा, मांडणी बदला.

बरण्या काढा. गोल काचेतून आणि पाण्यातून पाहिलं की नर फुगलेला, वाकडा दिसतो, तो जरा बाजूला सरकला की आणखी वेगळा. काचवाल्याकडून ५ मिमीचे दोन तुकडे कापून घ्या, टाकीच्या आतल्या रुंदीपेक्षा २ मिमी कमी. दोन्ही टोकांपासून १० सेंमी आत, टाकीच्या सिलिकॉनने उभे चिकटवा. बुरशीविरोधी औषध घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन आणू नका, त्याने मासे मरतात. ४८ तास वाळू द्या, दोनदा पाणी भरून ओता, मग वापरा. टोकांना नरांचे दोन कप्पे आणि मधे मादीसाठी ४० सेंमी झाले. मधल्या भागात प्रत्येक काचेपासून १० सेंमीवर बाहेरून मार्करने उभी रेघ मारा. रेघेच्या आत मादी असेल तेवढाच वेळ ‘त्या नराजवळ’ धरायचा. मधले २० सेंमी कोणाचेच नाहीत.

मागची काच आणि दोन्ही टोकं बाहेरून फिक्या करड्या चार्ट पेपरने झाका. पाणी १५ सेंमी पुरे, दहा इंच खोलीत मादी वरखाली करते आणि वेळ मोजणं अवघड जातं. फिल्टर आणि एअर पंप चाचणीपुरते बंद.

मादीला जाळीतून थेट सोडू नका. दोन लिटरच्या बाटलीचं तळ आणि तोंड कापून जी नळी उरते ती मधोमध उभी करा, मादी तिच्यात. १० मिनिटांनी दोऱ्याने नळी हळू वर ओढा, तेही पुठ्ठ्याआडून. तुम्ही समोर दिसलात की ती तुमच्याकडे येणार, कारण तिच्या लेखी तुम्ही म्हणजे खाणं. मोबाइल स्टँडवर लावा, चित्रीकरण करा आणि मोजणी नंतर सावकाश करा. जमलं तर मोजणी मैत्रिणीला द्या, तिला कोणता नर कुठे होता ते न सांगता.

पहिली १० मिनिटं मोजून झाली की नरांची अदलाबदल, ५ मिनिटं विश्रांती, पुन्हा १० मिनिटं. दोन्ही वेळा मिळून बेरीज. अदलाबदल झाल्यावरही मादीने ८० टक्क्यांहून जास्त वेळ एकाच बाजूला काढला, तर तिला बाजू आवडली आहे, नर नाही. ती नोंद बाद. हा नियम वहीत आधीच लिहा. निकाल पाहून नंतर ठरवलेल्या नियमाला अर्थ नसतो.

नर मापण्यासाठी उथळ ताटलीत पाणी, खाली आलेख कागद, बरोबर वरून फोटो. जोडीतल्या दोघांच्या लांबीत १ मिमीपेक्षा जास्त फरक नको. केशरी कमी असला तरी मोठ्या अंगाचा नर मादी पसंत करते, हे गप्पीत दिसून आलेलं आहे. तुमचा केशरी लहान आणि करडा मोठा असेल तर दोन गोष्टी एकात मिसळल्या. पूर्ण पंखा शेपटीचे फॅन्सी नरही नकोत. शेपूट इतकी जड असते की त्यांना मादीपुढे नीट नाचताच येत नाही. डासांसाठी हौदात, टाक्यांत सोडतात ते साधे मिश्र गप्पी घ्या. त्यांच्यात केशरीपणाचा फरक भरपूर मिळतो.

आणि सगळ्यात मोठी चूक: नरांची जोडी आठही वेळा तीच. म्हणजे प्रयोग ‘केशरी विरुद्ध करडा’ असा झालाच नाही, ‘हा एक मासा विरुद्ध तो एक मासा’ असा झाला. करड्याचं वागणंच जास्त चपळ असेल तर? दर मादीला नवी जोडी. तेवढे नर नसतील तर निदान आठ-दहा जोड्या आलटून पालटून.

शेवाळ

अर्धी_बादली यांनी टाकी दुरुस्त केली, मी माद्यांबद्दल आणि त्या पिवळ्या बल्बबद्दल लिहिते.

दुकानातली मोठी मादी जवळजवळ नक्कीच गाभण असते. गप्पीची मादी दोन वेळी नराला खरा प्रतिसाद देते: कधीच मिलन झालेलं नसताना, आणि पिल्लं दिल्यानंतरचे थोडे दिवस. मधल्या काळात ती नराला टाळते. वर ती शुक्र अंडाशयाच्या घड्यांमध्ये सहा-आठ महिने साठवू शकते, त्यामुळे ‘एक महिना वेगळी ठेवली, आता ती कोरी’ हा हिशेब चुकतो. तिला नराची गरजच नसेल तर ती केशरी काय नि करडा काय, कशाला बघेल?

कोऱ्या माद्या घरीच तयार कराव्या लागतात. पिल्लं तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन दिवसांनी भिंगाखाली बघा. पोटाखालचा मागचा पर मादीत त्रिकोणी, पंख्यासारखा राहतो. नरात तो अरुंद आणि टोकदार व्हायला लागतो, पुढे त्याचीच दांडी होते, तिला गोनोपोडियम म्हणतात. शंका आली की ते पिल्लू नरांच्या टाकीत टाका. माद्यांच्या टाकीत एक नर चुकून राहिला तर पूर्ण तुकडी वाया. माद्या तीन-साडेतीन महिन्यांच्या झाल्या की चाचणीला घ्या. त्याआधी आठवडाभर त्यांना काचेपलीकडून दोन्ही तऱ्हेचे नर दिसू द्या. नर कधी पाहिलेलाच नसेल तर पहिला दिसेल त्याच्यामागे जाते.

आता बल्ब. केशरी ठिपका उठून दिसतो तो आजूबाजूच्या रंगाशी असलेल्या फरकामुळे. लाँग आणि हूड यांनी १९८९ मध्ये गप्पींवर केशरी प्रकाश टाकला तेव्हा माद्यांची केशरी नराची पसंती नाहीशी झाली. स्टिकलबॅक माशांत मिलिन्स्की आणि बाकर यांनी १९९० मध्ये हेच हिरव्या प्रकाशाने केलं: पांढऱ्या उजेडात माद्या जास्त लाल नराकडे जायच्या, हिरव्यात तो भेद संपला. तुमचा पिवळा बल्ब आणि बदामाच्या पानाने चहासारखं झालेलं पाणी मिळून टाकीत जवळजवळ तसाच प्रकाश तयार होतोय. पान बेट्टाच्या (लढाऊ माशाच्या) टाकीत ठेवा, इथून काढा. पांढरा, ६५०० केल्विनचा एलईडी लावा, वरून, मधोमध, म्हणजे दोन्ही कप्प्यांना सारखा उजेड. गप्पीला अतिनील किरणही दिसतात आणि एलईडीत ते नसतात, त्यामुळे खिडकीचा उजेड उत्तम, पण तो दोन्ही बाजूंना सारखा हवा, आणि ऊन थेट पडायला नको. वेळ सकाळची. रानातले गप्पी मंद उजेडात, सकाळ-संध्याकाळ जास्त प्रणयाराधन करतात, कारण तेव्हा शिकारी माशांना ते कमी दिसतात.

आणि ते पुस्तकातलं वाक्यच मुळात अर्धवट आहे. त्रिनिदादच्या वेगवेगळ्या ओढ्यांतले गप्पी हूड आणि एंडलर यांनी तपासले (१९९०): काही ओढ्यांतल्या माद्यांना केशरी फार आवडतो, काहींतल्या माद्यांना त्याचं फारसं काही नाही. जिथे नर जास्त केशरी, तिथेच माद्यांची ओढही जास्त. एंडलरच्या १९८० च्या प्रयोगात शिकारी मासा काढला की काही पिढ्यांत नरांचे ठिपके वाढले, शिकारी ठेवला की कमी झाले. ठिपका मादीला जसा दिसतो तसा शिकाऱ्यालाही दिसतो. आपल्याकडचे गप्पी कुठून कुठून मिसळत आलेत त्याचा पत्ता लागणं कठीण, त्यामुळे तुमच्या तुकडीत केशरीची ओढ कमी निघाली तरी तो निकालच आहे, नापास होणं नाही. फक्त टाकी आधी स्वच्छ हवी.

केशरीच का, यावर एक मजेदार निरीक्षण आहे. त्रिनिदादच्या ओढ्यांत झाडांवरून केशरी फळं पडतात आणि गप्पी त्यांच्यावर तुटून पडतात. रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की ज्या ठिकाणचे गप्पी निर्जीव केशरी चकतीला जास्त टोचतात, तिथल्या माद्यांना केशरी नरही जास्त आवडतात. म्हणजे जिभेची आवड आधीची, नर तिच्यावर स्वार झाला असण्याची शक्यता आहे. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: उपाशी मादी केशरीकडे गेली तर ती नर बघतेय की फळ, ते कळणार नाही. चाचणीच्या अर्धा-पाऊण तास आधी, दुसऱ्या टाकीत, पोटभर खाऊ घाला.

ठिपक्याचं आकारमान वारशाने येतं, बरंचसं बापाकडून थेट मुलाकडे. गडदपणा मात्र खाण्यावरही असतो. कॅरोटिनॉइड माशाला स्वतः बनवता येत नाहीत, ते शेवाळातून आणि बारीक कवचधारी जिवांतून येतात. नर फक्त भुकटीच्या स्वस्त खाण्यावर असतील तर केशरी फिका पडतो. चाचणीआधी सहा आठवडे स्पिरुलिना आणि आठवड्यातून दोन-तीनदा जिवंत आर्टेमिया किंवा डॅफ्निया द्या. रंग एका रात्रीत वाढवलेले नर विकले जातात त्यांच्यापासून लांब राहा, त्यात संप्रेरक दिलेलं असू शकतं. तसं खाणं दिलं की माद्यांनाही रंग चढतो, त्यावरून ओळखता येतं.

जुना_सातपूरकर

एवढं सगळं वाचलं, पण टाकीकडे पाहिलं की वेगळंच दिसतं. दिवसभर नर माद्यांच्या मागे लागलेले असतात आणि माद्या पळत असतात. यात निवड कुठे आली? ज्याला जमलं त्याने डाव साधला.

शेवाळ

सातपूरकर काका, तुम्ही पाहिलेलं खरं आहे, पण त्यात दोन वेगळे प्रकार आहेत. एक, चोरटा: नर मागून, खालून येतो, दांडी पुढे वळवून टोचायला बघतो. यात नाच नाही, मादीची संमती नाही, आणि बहुतेक वेळा यशही नाही. दुसरा, नाच: नर मादीच्या पुढे येतो, अंग ‘एस’ आकारात वाकवतो, सगळे पर ताणतो आणि दोन-तीन सेकंद थरथरत राहतो. आवडलं तर मादी खाणं सोडून त्याच्याकडे वळते आणि पर फारसे न हलवता, घसरत आल्यासारखी सरळ त्याच्याकडे येते. तो तिच्याभोवती फिरतो, मिलन सेकंदभराचं. यशस्वी झालं तर नंतर नर काही वेळ अंगाला हिसके देतो. ते हिसके दिसले की नोंद करायची.

तुमच्या टाकीत नाच कमी आणि पाठलाग जास्त दिसतो कारण नर फार आहेत. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, जावा मॉस आणि हॉर्नवर्ट या पाणवनस्पती दाट लावा, आठवड्यात फरक दिसेल. नर जास्त असले की मादीला खाणंही मिळत नाही, तिचे पर कुरतडले जातात.

चोरट्या नराचं जमलं तरी मादीची निवड संपत नाही. पिलास्ट्रो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की मादीच्या संमतीने मिलन झालं तर रंगीत नराचे शुक्रजंतू तिच्यात जास्त उतरतात, म्हणजे किती घ्यायचे यावर तिचा हात असतो. एका वेळच्या पिल्लांचे बाप अनेकदा दोन-तीन असतात. दिसणारी निवड आणि आत होणारी निवड, दोन्ही मिळून हिशेब होतो.

याच कारणाने, कॅनडाकॉर्नर, ‘काचेजवळ किती वेळ’ हे माप म्हणजे निवड नव्हे, ओढ. प्रकल्पात तसंच लिही. वेळ मिळाला तर पाच-सहा माद्यांना चाचणीनंतर दोन्ही नरांबरोबर मोकळ्या टाकीत १५ मिनिटं सोड आणि प्रत्येक नराचे नाच किती, त्यातल्या किती नाचांना ती घसरत आली, ते मोज. प्रतिसाद भागिले नाच. नुसते प्रतिसाद मोजलेस तर जास्त नाचणारा नर उगाच जिंकतो.

आणखी एक, टाकीत इतर माद्या नकोत, शेजारच्या टाकीतल्याही नाहीत. मादी दुसरीची नक्कल करते. डुगाटकिनने १९९२ मध्ये गप्पींमध्ये दाखवलं की एका नराजवळ दुसरी मादी उभी असलेली पाहिली की पाहणारी मादी नंतर त्याच नराकडे झुकते, कधी आपली आधीची पसंती बदलूनही. लहान माद्या मोठ्यांची नक्कल करतात, उलट नाही. माद्यांच्या साठवणटाकीला आणि चाचणीच्या टाकीला मधे पुठ्ठा लाव.

उलट बाजूचं म्हणजे नवलाई. रानातल्या गप्पींमध्ये ज्या नराचा नमुना आजूबाजूला कमी असतो त्याला जास्त माद्या मिळतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. तू माद्यांना आठवडाभर दहा केशरी आणि एक करडा दाखवलास तर चाचणीत करडा नवा वाटून जिंकू शकतो. म्हणून दोन्ही तऱ्हेचे नर सारख्या संख्येने दाखव.

निफाडची_थंडी

तापमानाचं कोणी बोललं नाही. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्री खोलीतल्या टाकीचं पाणी १८-१९ अंशांवर येतं, आमच्या निफाडकडे त्याहून खाली. त्या पाण्यात नर नाचतच नाहीत, दोघंही तळाशी बसतात आणि चाचणी म्हणजे पुतळे मोजणं. २५-२६ अंश ठेवा. ५४ लिटरच्या टाकीला ५० वॅटचा हीटर पुरतो. चाचणीत पाणी १५ सेंमीच असेल तर हीटर आडवा, पूर्ण बुडलेला हवा, नाहीतर काच तडकते. काचा सिलिकॉनने बंद केल्यात म्हणजे तिन्ही कप्प्यांचं पाणी वेगळं झालं: तिन्हींत थर्मामीटर घालून बघा. एक नर २२ अंशांत आणि दुसरा २६ मध्ये असेल तर गरम पाण्यातलाच जास्त नाचणार. सोपा मार्ग असा की सगळं पाणी एका ड्रममध्ये २६ पर्यंत तापवायचं, तिन्ही कप्पे त्यातूनच भरायचे आणि हीटर काढून ठेवायचा. अर्ध्या तासात एखाद-दुसरा अंशच उतरतो.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रात्रभर उघड्या बादलीत, हवा चालू ठेवून बहुतेक जातं. घाई असेल तर हायपोचे (क्लोरीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे) दोन-चार खडे. बोअरचं जड पाणी गप्पीला चालतं, उलट मानवतं. पावसाळ्यात नळाला गढूळ येतं तेव्हा मात्र चाचणी घेऊ नका, कापसातून गाळून एक दिवस निवळू द्या. गढूळपणाने रंगाचा खेळ कसा बिघडतो याचं मोठं उदाहरण आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया तळ्यातलं आहे. तिथल्या सिक्लिड माशांत मादी रंगावरून आपल्या जातीचा नर ओळखते. पाणी गढूळ झालेल्या भागात ही ओळख पुसट झाली आणि जाती एकमेकांत मिसळू लागल्या. सीहाउसेन आणि सहकाऱ्यांचं ते काम १९९७ चं.

अंगावर पांढरे ठिपके, पर मिटलेले, काचेला अंग घासणं, यातलं काही दिसलं तर तो नर घेऊ नका. परजीवी लागला की केशरी फिका पडतो आणि माद्या तशा नराला टाळतात, हे गप्पीत तपासलेलं आहे. बरा होऊन दोन-तीन आठवडे गेल्याशिवाय जोडीत घालू नका.

गोदाकाठचा_गळ

विषय निघालाच आहे तर विचारतो. गंगापूर धरणातल्या रोहू-कटल्यात अशी निवड असते का? आणि घरी एंजल माशांची जोडी लावायची असेल तर?

अर्धी_बादली

रोहू, कटला, मृगळ यांच्यात गप्पीसारखं काही नाही. पुराच्या वाहत्या पाण्यात नर-माद्या घोळक्याने अंडी आणि शुक्र पाण्यात सोडतात, फलन बाहेरच होतं. साठलेल्या पाण्यात त्या अंडी देत नाहीत, म्हणून धरणात मत्स्यबीज सोडावं लागतं. बीज केंद्रात तर निवड माणूसच करतो: पोट मऊ, फुगीर, मागचं छिद्र लालसर अशी मादी, छातीचा पर हाताला खरबरीत लागणारा आणि दाबल्यावर दुधासारखं शुक्र देणारा नर. मग संप्रेरकाचं इंजेक्शन, आणि एका मादीला दोन नर, दोन्हीकडे वजन साधारण सारखं. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी हे तंत्र १० जुलै १९५७ ला यशस्वी केलं, म्हणून १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिन.

एंजलचं अगदी उलट. तिथे नर-मादी मिळून अंडी-पिल्लं सांभाळतात, त्यामुळे निवड दोघांची आणि चोखंदळ. दुकानातून ‘एक नर एक मादी’ आणून कोंडलं तर बहुतेक वेळा मारामारी किंवा अंडी खाऊन टाकणं. सहा ते आठ लहान पिल्लं एकत्र वाढवा, टाकी निदान १०० लिटर. आठ-दहा महिन्यांत एक जोडी आपोआप कोपरा धरेल आणि बाकीच्यांना हुसकेल. तीच जोडी वेगळी काढा.

बेट्टात मादी तयार आहे हे अंगावरच्या उभ्या पट्ट्यांवरून आणि पोटाखालच्या पांढऱ्या टोकावरून कळतं. तिला आधी काचेतून नर दाखवा, फेसाचं घरटं झालं की सोडा. बेट्टाच्या माद्यांनी दोन नरांची लढत पाहिली असेल तर नंतर त्या जिंकलेल्याकडे आधी जातात. शेजारी शेजारी टाक्या ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि हौशी लोकांना आवडेल असं एक: प्लॅटी माशाच्या नराला तलवार, म्हणजे शेपटीचं लांब टोक, नसते, तरी बॅसोलो यांनी १९९० मध्ये प्लॅटीच्या नरांना प्लास्टिकची तलवार जोडली तेव्हा प्लॅटीच्या माद्या त्यांच्याकडेच गेल्या. नरात नसलेली गोष्ट मादीला आधीपासून आवडत होती.

कॅनडाकॉर्नर

सगळ्यांचे आभार. आठ नोंदी रद्द करते. काचा उद्या कापून आणते, गाभण माद्यांची पिल्लं धरून नव्या माद्या वाढवते. चार महिने हातात आहेत. दोन प्रश्न: किती माद्या पुरतील? आणि शेवटी आकडे कसे तपासायचे?

शेवाळ

चार महिने म्हणजे काठावरचं आहे, पिल्लं या आठवड्यात मिळायला हवीत. माद्या २० धर. बाद होणाऱ्या आणि मरणाऱ्या धरून ३० वाढव.

सर्वांत सोपी कसोटी चिन्हांची: प्रत्येक मादीने दोन्ही फेऱ्या मिळून कोणाला जास्त वेळ दिला, एवढंच बघायचं. २० पैकी किमान १५ एकाच तऱ्हेच्या नराकडे गेल्या तर ५ टक्क्यांच्या मर्यादेत फरक खरा म्हणता येतो. १४ ला म्हणता येत नाही. १२ च माद्या उरल्या तर १० लागतात. तुझ्या आधीच्या सातात पाच-दोन होतं, ते नाणं उडवूनही सहज येतं. वेळेचे सेकंदही आहेतच, तेव्हा विल्कॉक्सनची जोडी कसोटीही लाव, ती जास्त बारीक पकडते.

पाच-सहा माद्या दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जोडीसमोर आण. कालची मादी आज पलटली तर तुझं मापच डळमळीत आहे, माद्यांची आवड नव्हे. आणि दोन-तीन चाचण्या नरांचे कप्पे रिकामे ठेवून घे. रिकाम्या टाकीतही मादी उजवीकडेच गेली, तर खाणं टाकायची खाच आधी बदल.

अर्धी_बादली

खाच बदलायची गरज नाही. चाचणीच्या टाकीत खाणं कधीच टाकू नका, राहायची टाकी वेगळी, चाचणीची वेगळी. आणि प्रकल्प संपल्यावर उरलेले ऐंशी-नव्वद गप्पी नासर्डी नदीत किंवा गोदेत ओतू नका. दुकानदार घेतात, नाहीतर इथेच लिहा, डबा घेऊन न्यायला लोक येतील.

जुना_सातपूरकर

दहा-बारा माझ्याकडे चालतील. माद्याच द्या, नर आधीच फार झालेत.